एकाच घरातली तीन पुस्तकं

महर्षी कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’, त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ आणि बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ ही तीन पुस्तकं गेल्या पावसाळ्यात मी एकापाठोपाठ एक वाचली. ठरवून काही नाही. पहिलं वाचनालयातून आणलं, ते वाचताना दुसऱ्याची उत्सुकता वाटली, आणि दुसरं संपायच्या आत तिसरं शोधायला लागले. मी अभ्यासक वगैरे मुळीच नाही. रात्री मागचं आवरलं की झोप येईपर्यंत चार पानं वाचायची, एवढाच माझा पुस्तकांशी संबंध. त्यामुळे हे समीक्षण नव्हे. पण एकाच घरातली तीन माणसं तेच दिवस, तीच संस्था आणि तीच पैशांची ओढाताण आपापल्या जागेवरून सांगतात तेव्हा काय काय दिसतं, हे कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना.

‘आत्मवृत्त’ १९१५ सालचं. भाषा अस्सल गणिताच्या मास्तरांची. विशेषणं जवळजवळ नाहीतच. मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाटातून पायी साताऱ्याला जातो. परीक्षेला वयाची अट सतरा वर्षांची, हा अंगाने किरकोळ. समोर उभा राहिल्यावर साहेब म्हणतात, तू सतराचा दिसत नाहीस. झालं, आल्या पावली परत. दुसऱ्या कुणी हा प्रसंग लिहिला असता तर आपले डोळे पाणावल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नसतं. कर्वे आपलं दुःख झालं एवढं सांगतात आणि पुढच्या परीक्षेकडे वळतात. पुस्तकाचा पुढचा बराच भाग तर संस्थेच्या अहवालासारखा आहे. अनाथ बालिकाश्रम १८९६ साली निघाला, प्लेगमुळे पुण्यातून हलवावा लागला, १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. मग वर्गण्या, देणग्या, कुणी किती दिले, कुठे किती लागले. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, संध्याकाळी चालत हिंगणे गाठायचं, सकाळी चालत परत. हे सगळं ते इतक्या सपाट सुरात सांगतात की मला आधी कंटाळा आला आणि मग हळूहळू या माणसाची जरा भीतीच वाटायला लागली. स्वतःवर इतका कमी खर्च करणारा माणूस दुसऱ्यांनाही तेवढंच पुरेल असं धरून चालतो की काय?

त्याचं उत्तर ‘माझे पुराण’मध्ये आहे. बाया म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. जाणतं वय येण्याआधीच विधवा झालेल्या. भाऊ नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही, त्यांनी बहिणीला मुंबईला आणलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात घातलं. तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचं कर्व्यांशी लग्न झालं. (शारदासदन निघालं तेही १८८९ च्या ११ मार्चला, आणि आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली ती १८८६ च्या ११ मार्चला. यातून काहीच सिद्ध होत नाही, पण लक्षात आल्यावर मी हातातलं पुस्तक मिटून जरा वेळ बसले.) लग्नानंतर मुरूडकरांनी वाळीत टाकलं. ही सगळी हकिगत कर्व्यांच्याही पुस्तकात आहे. फरक एवढाच की कर्वे ठराव सांगतात, आणि बाया सांगतात ते असं की वाचताना आपल्यालाच त्या अंगणात परकं उभं राहिल्यासारखं होतं.

पुस्तक बायांच्या उतारवयातलं, सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी संपादित केलेलं, १९४४ साली निघालेलं. त्यामुळे त्याला बोलण्याचा सूर आहे. समोर कुणी निवडायला भाजी घेऊन बसलंय आणि ह्या बोलताहेत, असा. माझ्या हाती आलेल्या प्रतीत आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मोठे विचार, समाजसुधारणा वगैरे ठिकाणी रेघ नाही. जिथे जिथे घरात पैसे नाहीत, जिथे जिथे ‘यांनी’ संस्थेला देऊन टाकले, तिथे मात्र रेघ, आणि एका ठिकाणी समासात बारीक अक्षरात ‘बरोबर!’ अक्षर बाईचं असावं असं मी धरून चालले आहे.

या पुस्तकातली सर्वांत बोचरी गोष्ट पैशांची नाही, निदान मला तरी ती वाटली नाही. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी. जुन्या वळणाच्या घरांनी आपल्या लेकीसुना तिथे पाठवाव्यात असं वाटत असेल तर तिथे पुनर्विवाहाचं वारंही लागता कामा नये, हे कर्व्यांना बरोबर कळत होतं. आणि त्यांची स्वतःची बायको तर पुनर्विवाहित! म्हणजे ज्या विचाराच्या बळावर बायांचं लग्न झालं, त्याच विचाराच्या पुढच्या पायरीवर त्यांची अडचण व्हायला लागली. नवरा रोज चालत हिंगण्याला जातोय आणि त्याची बायको पुण्यात, कारण ती तिथे चालत नाही. ‘आत्मवृत्ता’त हे धोरण म्हणून वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती. पटण्यासारखंच आहे ते. बायांकडून ऐकल्यावर मात्र मान डोलवता येईना, आणि तरी ते धोरण चुकीचं होतं असंही म्हणता येईना. कारण त्या धोरणामुळेच शेकडो मुली शिकल्या, आणि त्यातली एक म्हणावी तर बायांची सख्खी बहीण.

पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ सालची. तिघांत मला हेच पुस्तक जास्त आवडलं, आणि ते का आवडलं हे सांगणं तितकं सोपं नाही. या बाईंनी बहिणीचा मार्ग घेतला नाही. पुन्हा लग्न करायचं नाही हे त्यांचं पक्कं होतं. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, शिकवलं, गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसे जमवले. कितीतरी वर्षं केशवपन केलेल्या विधवेच्या वेषातच वावरल्या आणि मग एका टप्प्यावर आपल्याच विचाराने तो वेष सोडला. तो का सोडला याची कारणं त्या देतात ती वाचण्यासारखी आहेत. भावनेच्या भरात काही नाही, सगळं स्वतःशी वाद घालून. आणि मग पन्नाशीला टेकलेल्या या बाई अमेरिकेला निघतात. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी पैसे गोळा करायचे म्हणून. इंग्रजी धड येत नाही, ओळखीपाळखी बेताच्याच, हातात पैसा नाही. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या. भांडी घासली, झाडलोट केली. कुणाच्या हातचं पाणी चालेल आणि कुणाच्या नाही याचा विचार जिथे व्हायचा अशा समाजातून आलेली बाई तिथे दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबते आणि त्याचं फारसं कौतुक किंवा दुःख न करता आपल्याला सांगते. परदेशात मुलाकडे जाऊन आलेल्या आमच्या पिढीच्या बायका डिशवॉशरवर अर्धा तास बोलतात, हे उगीच आठवलं.

तर एकीकडे पुनर्विवाह करून आश्रमाबाहेर राहिलेली बहीण, दुसरीकडे पुनर्विवाह नाकारून आश्रमाचा आधार झालेली बहीण, आणि मधे हे अण्णा कर्वे, ज्यांना दोघींचीही गरज होती. इतकं चांगलं कथानक कादंबरीकाराला सुचलं असतं तर तो आठशे पानं लिहून मोकळा झाला असता. इथे तिघांनी मिळून बहुतेक तेवढीच पानं लिहिली असतील, पण एकाने दुसऱ्याला उत्तर म्हणून नाही. त्यामुळे भांडण कुठेच होत नाही. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात होतं.

कर्व्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनी सासऱ्यांवर एक लेख लिहिला आहे. त्यात त्या म्हणतात त्याचा आशय असा की अशा माणसाची सून झाले हे माझं भाग्य, आणि बायको झाले नाही हे त्याहून मोठं भाग्य. आमच्याकडे हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “मग तुझा मुद्दा काय?” मुद्दा असा काही नव्हता.

याच्या आसपासच श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ पुन्हा वाचली. कॉलेजात असताना वाचली होती तेव्हा गोपाळरावांचा फक्त राग आला होता. कादंबरी १९६८ सालची, पुढे त्यावर नाटक आलं, २०१९ साली सिनेमाही आला, त्यामुळे गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी पोस्टातल्या बिजवर कारकुनाशी लग्न, दहा दिवसांचं मूल दगावणं, मग नवऱ्याचं तिला शिकवण्याचं वेड. या वेळी कादंबरी वाचून झाल्यावर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र मिळवलं. आनंदीबाईंना प्रत्यक्ष ओळखणारी माणसं हयात असतानाचं हे पुस्तक. लिहिणारी बाई स्वतःही नवऱ्याच्या प्रोत्साहनाने, लपतछपत वाचायला शिकलेली.

गंमत अशी की दोन्हींपैकी अशक्य वाटण्याजोग्या गोष्टी आहेत त्या चरित्रात. गोपाळराव १८७८ साली कोल्हापुरातून एका मिशनऱ्याला पत्र लिहितात, की बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का. ते पत्र तिकडच्या मिशनच्या मासिकात छापून येतं. न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेल्या असताना तिथे पडलेलं मासिक चाळतात, आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडतं. कुणाची दाढ दुखली म्हणून हिंदुस्थानातली पहिली स्त्री डॉक्टर घडली! कादंबरीत कुणी हे मनाने घातलं असतं तर योगायोगाचा अतिरेक म्हणून आपणच नाक मुरडलं असतं. कादंबरीला पटेल असंच लिहावं लागतं, चरित्राला ती सक्ती नाही.

पण मी जिथे थांबले ती जागा वेगळी. चरित्रात आनंदीबाईंची पत्रं आहेत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्या लहानपणीचा मार आठवतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलेलं, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. वयं घालून, एकेक करून. आणि हे सगळं मांडून झाल्यावर त्या म्हणतात की तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं कठीण आहे, मला विचाराल तर दोन्ही होतं. विशीच्या आतबाहेरची मुलगी, फिलाडेल्फियाच्या थंडीत, तब्येत ढासळत चाललेली, आणि हा निवाडा. गोपाळराव नसते तर आपण शिकलो नसतो हे तिला माहीत आहे, आणि गोपाळरावांनी काय केलं हेही ती विसरलेली नाही.

जोशींची कादंबरी उत्तम आहे. गोपाळरावांचा विक्षिप्तपणा, त्यांचं प्रेम आणि त्यांची क्रूरता एकाच माणसात कशी नांदते हे त्यांनी फार ताकदीने उभं केलंय. पण कादंबरीतली आनंदी मला जरा जास्त सोसणारी वाटते. पत्रातली आनंदी हिशेब ठेवणारी आहे. मला आता ही दुसरी जवळची वाटते. कॉलेजात असताना वाटली असती का, सांगता येत नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नोकरी ठरलेली होती, ती तशीच राहिली. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत पुरल्या गेल्या. गोपाळराव पुढे ख्रिस्ती झाले आणि मग पुन्हा हिंदूही झाले. या माणसावर एक वेगळी कादंबरी होईल, पण ती वाचायला धीर पाहिजे.

धर्मानंद कोसंबींच्या ‘निवेदना’बद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. पुस्तक विलक्षण आहे यात वाद नाही. गोव्यात सांखवाळला नारळाच्या बागा सांभाळणारा, शाळेत फारसा न शिकलेला तरुण ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि त्याला ध्यास लागतो. १८९९ साली घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकायचं. मग नेपाळ, जिथे बौद्ध धर्म सापडेल अशा आशेने जाऊन पदरी निराशाच येते. मग सिलोन, ब्रह्मदेश, आणि पुढे थेट हार्वर्ड. कलकत्ता विद्यापीठातली अडीचशे रुपये पगाराची नोकरी सोडून सयाजीरावांनी देऊ केलेले महिना पन्नास रुपये घेतात, का, तर महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता यावं म्हणून. वर्षाला एक पुस्तक लिहायचं, एवढीच अट. आपल्या भाषेवर याहून मोठे उपकार कुणी केले असतील तर मला माहीत नाहीत, आणि हे ते दोन ओळींत सांगतात.

पण १८९९ साली ते घरातून निघाले तेव्हा घरात बायको होती, बाळाबाई, आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्याबद्दल ‘निवेदना’त फार थोडं येतं. कर्व्यांच्या घरातलं मला कळलं कारण बायांनी सांगितलं. बाळाबाईंनी सांगितल्याचं पुस्तक नाही. नारळाच्या बागा, डोक्यावरचं कर्ज, सासरची माणसं, नवरा कुठे आहे याचा पत्ता नाही, आणि विचारणारे शेजारी तर असणारच. हे सगळं मी वाचता वाचता मनाने भरत गेले, आणि त्यामुळे काशीतल्या अन्नछत्रापाशी पोचेपर्यंत माझं अर्धं लक्ष मागे गोव्यातच राहिलेलं होतं. ‘तुम्ही फार घरगुती वाचता’ असं आमच्या वाचनालयातले एक काका मला नेहमी म्हणतात. म्हणोत.

त्या तिरीमिरीतच उद्धव शेळक्यांची ‘धग’ काढली. १९६० सालची कादंबरी, वऱ्हाडातली. कौतिक आणि तिचा नवरा महादेव, जातीने शिंपी, कर्तृत्वाने बेताचा. कौतिक राबते, पोरांना शिकवायचं बघते, आणि महादेवाला महारोग होतो. हिचं चरित्र कोण लिहिणार? ना संस्था काढली, ना समुद्र ओलांडला. पण शेळक्यांच्या वऱ्हाडी संवादांतून ही बाई अशी उभी राहते की तिची जन्मतारीखही माहीत असावी असं वाटायला लागतं. भाषा सुरुवातीला अडते, विशेषतः आमच्यासारख्या मुंबईकडच्या माणसांना. पाच-दहा पानं रेटावीत, मग कान बसतो. दुःख इतकं एकावर एक येतं की मी मधे पुस्तक बाजूला ठेवून दोन दिवस दिवाळी अंक वाचले. यात कमीपणा काही नाही, ‘धग’ एका बैठकीत वाचणाऱ्यांचा मला संशयच येतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’बद्दल सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय, म्हणून थोडक्यात. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या सोवळ्या वडिलांच्या घरात वाढलेली ही मुलगी. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि ही पाच वर्षं वेगळी राहून मग स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे गेली. या सगळ्या मंडळींत हसता येणारी एकटी हीच. टिळकांच्या भोळ्या, तापट, उधळ्या स्वभावाने तिला आयुष्यभर जेरीस आणलं, आणि ती ते अशा काही ढंगात सांगते की टिळकांचा राग येत नाही. आपण गरीब होतो हे सांगतानाही रडायचं तिच्या मनातच येत नाही. बायांच्या पुस्तकात हे नाही. बाया रागावलेल्या आहेत, आणि मला तो रागही तितकाच खरा वाटतो. फक्त लक्ष्मीबाई पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात आणि बाया एकदा वाचून पुरतात. हे अन्यायाचं आहे खरं.

मैत्रिणीने विचारलं, यातलं आधी काय वाचू? मी म्हटलं, कर्व्यांच्या घरापासून सुरुवात करणार असशील तर ‘आत्मवृत्त’ आधी वाच, कंटाळा आला तरी वाच. उलट्या क्रमाने गेलीस तर त्या माणसाबद्दलचं मत वाचायच्या आधीच होऊन बसेल, आणि साताऱ्याहून परत निघालेला तो मुलगा तुला दिसणारच नाही. ती म्हणाली, एवढा वेळ कुणाला आहे, पार्वतीबाईंचं दे. दिलं.